नहराचे पाणी: पाळी तासांत मोजून घ्या

पेंचच्या नहरावर ओलीत करणाऱ्या मौदा, रामटेक, पारशिवनीकडच्या वावरांत पाळी, म्हणजे नहराचे पाणी घ्यायची वेळ, आली की धुऱ्याला (वावराच्या बांधाला) पाणी टेकेपर्यंत दारे (पाणी घ्यायचे तोंड) उघडेच राहते. विहिरीचे पाणी उद्याही मिळते, नहराचे मात्र पुढच्या पाळीपर्यंत नाही, म्हणून ही घाई समजण्यासारखी आहे. पण भारी काळ्या जमिनीत असे भरलेले पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरत नाही. भेगा बुजल्या की ही माती पाणी फार हळू पिते. जास्तीचे पाणी वर साचते, मुळांची हवा कोंडते, पीक पिवळे पडते आणि उरलेले पाणी नाल्याला लागते.

भारी काळ्या जमिनीत एक मीटर खोलीपर्यंत पिकाला घेता येईल असे साधारण 15 ते 20 सेंटिमीटर पाणी मावते. गव्हाची बहुतेक मुळे वरच्या 60 सेंटिमीटरमध्ये असतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला 9 ते 12 सेंटिमीटर. त्यातले निम्मे संपले की पाणी द्यायची वेळ होते. भरून काढायचे असते ते 5-6 सेंटिमीटर. वाटेत आणि वावरात थोडे वाया जाणार, तेही धरून 7.5 सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच. एका पाळीला एवढे पुरे.

तासांचा हिशेब

पाठ करून ठेवण्यासारखे एकच माप आहे: एक क्युसेक पाणी एक तास चालले की एका एकरावर एक इंच पाणी होते. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. तीन इंच पाणी द्यायचे तर एकराला तीन क्युसेक-तास. चारीत, म्हणजे वावरापर्यंत पाणी आणणाऱ्या छोट्या पाटात, पूर्ण क्युसेक येत असेल तर तीन तास, अर्धाच येत असेल तर सहा.

चारीत किती पाणी आहे हे नजरेने सांगता येत नाही, अंदाज निम्म्याने चुकतो. त्यासाठी चारीचा सरळ, एकसारखा 10 मीटरचा तुकडा निवडा आणि दोन्ही टोकांना काडी रोवा. वरच्या काडीच्या थोडे अलीकडे सुके लाकूड किंवा संत्र्याची साल टाका आणि एका काडीपासून दुसऱ्या काडीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. पृष्ठभागाचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगात धावते, म्हणून मातीच्या चारीत आलेल्या वेगाला 0.8 ने गुणा.

उदाहरण घ्या. पाण्याची सरासरी रुंदी 60 सेंटिमीटर, खोली 20 सेंटिमीटर आणि 10 मीटरला 40 सेकंद. वरचा वेग सेकंदाला 0.25 मीटर, 0.8 ने गुणून 0.20. मग 0.6 × 0.2 × 0.2 = 0.024 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 24 लिटर. एवढ्या प्रवाहात एका एकराला तीन इंच पाणी साडेतीन तासांत होते.

चारीवर चार-पाच जणांची वाटणी असेल तर 90 अंशाची त्रिकोणी खाच असलेला पत्रा बसवणे फार सोपे. पाणी खाचेच्या तळापासून 10 सेंटिमीटर उंच असेल तर सेकंदाला साधारण 4.4 लिटर, 15 सेंटिमीटरला 12 लिटर, 20 सेंटिमीटरला 25 लिटर. उंची खाचेवर मोजू नका, तिथे पाणी वाकून खाली येते. मीटरभर मागे मोजा, आणि पत्र्याच्या पुढे पाणी मोकळे पडते आहे याची खात्री करा. पुढे पाणी तुंबून खाचेपर्यंत चढले तर माप खोटे येते.

पाळी येण्याआधी

रब्बीच्या पाळ्या 15 ऑक्टोबरचा साठा पाहून ठरतात. पेंचचे पाणी तोतलाडोहातून नवेगाव खैरीला आणि तिथून नहराला येते. याच पाण्यावर नागपूर शहर आणि कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रेही आहेत, शिवाय वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून येवा (धरणात येणारे पाणी) पूर्वीसारखा धरता येत नाही. म्हणून किती पाळ्या आणि कोणत्या तारखांना, हे कळेपर्यंत गव्हाचे एकर ठरवू नका. पाणी मागणीचा नमुना नं. 7 चा अर्ज मुदतीत द्या आणि थकबाकी आधी भरा, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. पाणी वापर संस्था असेल तर पाणी घनमीटरने मोजून मिळते आणि कोटा संस्थेच्या हातात असतो. 2005 च्या कायद्यानुसार संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांचे लोक असतात. टेलच्या, म्हणजे नहराच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याने पाळीपत्रक तयार होतानाच आपले तास लिहून घ्यावेत. नहर सुटल्यावर भांडण्यात अर्थ नाही.

चारी पाळीच्या आठ दिवस आधी साफ व्हावी. बेशरम (चारीत माजणारे झुडूप) नुसती छाटली तर पंधरवड्यात पुन्हा फुटते, ती मुळासकट उपटून चारीपासून लांब वाळवायला टाका, कारण ओल्या मातीवर पडलेली काडीही रुजते. उंदरांची आणि खेकड्यांची बिळे पाणी सोडण्याआधी खोदून, आतली पोकळी उघडी करून, ओल्या मातीने ठासून भरा. वरून नुसती माती टाकली तर पहिल्या तासाभरात तिथूनच फुटते.

पूर्ण प्रवाह थोडा वेळ घेणे नेहमी बरे. मातीच्या चारीत झिरपा दर तासाला जवळपास सारखाच असतो, पाणी थोडे असो की जास्त. प्रवाह निम्मा करून दुप्पट वेळ चालवला तर झिरपलेले पाणीही जवळपास दुप्पट. मायनरमध्ये (छोट्या उपनहरात) पाण्याची पातळी पूर्ण असेल तरच टेलपर्यंत पोचते. हेडकडच्याने दगड लावून पाणी चढवले किंवा बांध फोडून जादा घेतले की पातळी बसते आणि शेवटच्या मोऱ्या कोरड्या राहतात. हा नुसता गैरशिस्तीचा प्रश्न नाही, महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम 1976 प्रमाणे तो गुन्हा आहे.

गहू: साऱ्यातले पाणी

सारे, म्हणजे वावरात पाणी द्यायला पाडलेल्या लांब पट्ट्या, 3 मीटर रुंद आणि 40-45 मीटर लांब ठेवा. रुंदीत उतार अजिबात नको, लांबीत अगदी हलका. 3 × 45 मीटरचा सारा 135 चौरस मीटर होतो, एकरात असे 30 सारे. वरच्या उदाहरणातले 24 लिटर दोन साऱ्यांत वाटले तर एका साऱ्याला सेकंदाला 12 लिटर, आणि तीन इंच पाण्याला साधारण 14 मिनिटे. पंधरा जोड्या, म्हणजे तेच साडेतीन तास.

पण साऱ्याचे तोंड घड्याळाने नव्हे, खुणेने बंद करा. साऱ्याच्या तोंडापासून 35 मीटरवर काठी रोवा. पाण्याची धार काठीशी आली की तोंड बंद. साऱ्यात वर उभे असलेले पाणी पुढे सरकत टोक भिजवते. टोकाला पाणी दिसेपर्यंत थांबाल तर बंद केल्यावरही येत राहिलेले पाणी धुरा ओलांडते.

घड्याळ बिघाड ओळखायला वापरा. काठीपर्यंत पाणी सहा-सात मिनिटांत पोचले तर उतार जास्त आहे किंवा प्रवाह मोठा. वरची माती भिजली, खालची कोरडीच राहिली. अशा वेळी तीन सारे एकदम लावा. पंचवीस मिनिटे झाली तरी पोचत नसेल तर प्रवाह कमी आहे, सारा रुंद आहे किंवा भेगा पाणी पीत आहेत. पेरणीनंतरच्या पहिल्या पाण्याला भेगांमुळे वेळ जास्त लागतोच, पुढच्या पाळ्यांना तो कमी होतो.

किती पाळ्या मिळणार यावर पाणी कधी द्यायचे ते ठरते. एकच पाणी असेल तर पेरणीनंतर 40-42 दिवसांनी. दोन असतील तर 20-22 आणि 60-65 दिवसांनी. तीन असतील तर 20-22, 40-42 आणि 60-65. विसाव्या दिवशी पीक टवटवीत दिसते, म्हणून 21 व्या दिवसाचे पाणी चुकवायचा मोह होतो. पण मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी मुळे) त्याच वेळी फुटतात आणि फुटव्यांची संख्या त्यांच्यावर ठरते. म्हणून पाळीची तारीख पाहून पेरणीची तारीख मागे मोजा: पाळी 1 डिसेंबरला असेल तर 10 नोव्हेंबरची पेरणी तिच्याशी नीट जुळते. पाळ्यांखेरीज विहीर असेल तर तिचे पाणी 80-85 दिवसांवर दाणा चिकात असताना द्या, दाणा भरतो.

युरियाचा दुसरा हप्ता पहिल्या पाण्याशी जुळवायचा, पण पाणी चालू असताना फेकू नका. तो पाण्याबरोबर वाहून साऱ्याच्या टोकाला जमतो. तोंडाकडे पिवळट आणि टोकाला गर्द हिरवा, पुढे लोळणारा गहू दिसला की हेच झाले आहे. वाफसा आल्यावर, म्हणजे पाणी मुरून माती नुसती ओलसर राहिल्यावर, द्या. वारा असताना ओंबी आल्यानंतरचे पाणी टाळा, ओल्या मातीत उभा गहू आडवा होतो.

हरभऱ्याचे पाणी वेगळे. भारी जमिनीत दोन पाणी भरपूर झाले: फांद्या फुटताना 30-35 दिवसांनी आणि घाटे भरताना 65-70 दिवसांनी, तेही 5 सेंटिमीटरच. जास्त पाण्याने हरभरा माजतो, फुले गळतात, आणि पाणी साचलेल्या जागी मर (झाड वाळवणारा रोग) दिसू लागतो. नहराचे पाणी अंगावर आले म्हणून शेजारच्या गव्हाबरोबर हरभऱ्यालाही पाजू नका. साऱ्याच्या खालच्या टोकाला एक फूट खोल नाली काढून ती नाल्याला जोडा, म्हणजे चुकून जास्त आलेले पाणी उभे राहणार नाही. नहराच्या काठची वावरे झिरप्याने चिबाड (पाणथळ) होतात, तिथे ही नाली पाळीआधी उकरलीच पाहिजे.

पाळी रात्रीची असली तर सरळ, सपाट सारे रात्रीसाठी ठेवा आणि वाकडे, उंचसखल सारे दिवसा भिजवा. काठ्यांवर चुन्याचे पांढरे पट्टे मारले की बॅटरीच्या उजेडात दुरून दिसतात. गमबूट घालूनच जा, पाणी सुटले की बिळातले साप धुऱ्यावर येतात.

पाणी दिल्यावर 24 तासांनी 10-12 मिलिमीटर जाडीची, मीटरभर लांबीची गुळगुळीत सळई हाताने मातीत दाबा. ओल आहे तिथवर ती सरळ जाते, कोरड्या थराला अडते. तोंडाकडे, मधे आणि टोकाला अशी तीन ठिकाणी टोचा. सगळीकडे 50-60 सेंटिमीटर गेली तर पाणी बरोबर. तोंडाकडे पूर्ण आणि टोकाला 20 तर पुढच्या पाळीला काठी 3-4 मीटर पुढे रोवा. भेगेत टोचू नका, तिथे ती नेहमीच खोल जाते.

धानाच्या बांध्या

धानात सतत बांधी (बांध घातलेला धानाचा तुकडा) भरून ठेवणे गरजेचे नाही. रोवणीनंतर पहिले दोन आठवडे 2-5 सेंटिमीटर पाणी उभे ठेवा, तण दबते. त्यानंतर 30 सेंटिमीटर लांब, 10-15 सेंटिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा पाइप घ्या, त्याच्या खालच्या 20 सेंटिमीटरला भोके पाडा आणि तेवढा भाग बांधीत गाडा. आतली माती काढून टाका. पाइपात पाणी जमिनीच्या पातळीपासून 15 सेंटिमीटर खाली गेले की मग 5 सेंटिमीटर भरा. निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) आठवडाभर आधीपासून फुलोरा होईपर्यंत मात्र बांधी कोरडी पडू देऊ नका, तिथे पडलेला ताण पोचट दाण्यांत दिसतो.

एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी सोडले की खत वाहून खालच्या बांधीत जाते. जमत असेल तर प्रत्येक बांधीला चारीतून वेगळे तोंड द्या. जमत नसेल तर खत टाकण्याआधी बांध्यांची तोंडे बंद करा आणि तीन दिवस उघडू नका.

कापणीच्या दहा दिवस आधी पाणी काढून टाका. उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फेकायचा असेल तर पाणी निघाल्यावर माती चिखलासारखी ओली असतानाच फेका. पाणी उभे असताना फेकलेले बी सडते, आणि पहिली भेग पडल्यावर फेकलेले उगवत नाही.