बाबांच्या खात्यात जास्तीची पेन्शन आली होती, माझा अनुभव

बाबा मार्चमध्ये गेले, केंद्र सरकारचे पेन्शनर, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, त्या गडबडीत बँकेला कळवायचंच राहिलं आणि पेन्शन चार महिने येतच राहिली. मग बँकेनं सगळी रक्कम परत मागितली. आई पार घाबरली, पासबुक मांडीवर घेऊन नुसती बसून होती.

मी खात्यातला एक रुपया हलवला नाही (हे फार महत्त्वाचं), डेथ सर्टिफिकेट आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) घेऊन बँकेत गेलो, महिनेवार हिशोब लेखी मागितला. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन बाबांचीच, दुसऱ्या दिवसापासून आईची फॅमिली पेन्शन, साधारण शेवटच्या मूळ पगाराच्या 30%. ती बँकेनं मागितलेल्या रकमेतून वजा केल्यावर फक्त फरक उरला, तो त्याच खात्यातून भरला, पावती घेतली, मगच एफडीचं बघितलं. आणि वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या पगारातून भरा म्हणाले तर आधी लेखी मागा.