घरगुती मसाला व्हॉट्सॲपवर विकताना: नंबरापासून जाहिरातीपर्यंत

घरचा कांदा-लसूण मसाला चांगला होतो, गल्लीतल्या बायका हक्काने मागून नेतात, मग कुणीतरी सुचवतं, ‘ऑनलाइन टाका की!’ आणि पहिला खर्च होतो तो वेबसाइटवर, नाहीतर लोगोवर. दोन्हींची घाई नको. महिन्याला शंभर-दीडशे पाकिटांचा धंदा व्हॉट्सॲप बिझनेस या धंद्यासाठीच्या वेगळ्या ॲपवर सहज चालतो. घोडं अडतं ते दुसरीकडेच: ‘भाव काय?’ या पहिल्या मेसेजपासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत. तेवढी वाट आधी साफ करायची, गिऱ्हाईक गोळा करायचं ते नंतर.

नंबर

व्यवसायासाठी वेगळं सिम घ्या आणि ते स्वतःच्याच नावावर घ्या. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे आणि साध्या व्हॉट्सॲपशेजारी त्याच फोनवर दुसऱ्या नंबराने चालतं. घरचा लँडलाइन नंबरही चालतो; पडताळणीचा कोड फोन करून सांगितला जातो. भाच्याच्या नावावरचं जुनं सिम वापरलं आणि ते रिचार्जविना पडून राहिलं, तर कंपनी तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकते. मग पाकिटावर छापलेला नंबर कुणा अनोळखी माणसाच्या घरी वाजतो.

सेटिंग्जमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ पहिल्याच दिवशी चालू करा, सहा आकडी पिन ठेवा. ‘चुकून तुमच्या नंबरवर कोड आलाय, तो सांगा’ असा मेसेज ओळखीच्या नावानेही येऊ शकतो. तो कोड दिला की अकाउंट गेलंच म्हणून समजा.

कॅटलॉग

बिझनेस टूल्समध्ये ‘कॅटलॉग’ सापडेल. त्यात ५०० वस्तू मावतात; तुम्ही सहा-आठच ठेवा. नावात वस्तू, वजन आणि तिखटपणा तिन्ही यावं: ‘कांदा-लसूण मसाला, २५० ग्रॅम, मध्यम तिखट’. ‘आईच्या हातची चव’ हे नाव ऐकायला गोड, पण त्यावरून ऑर्डर कशाची द्यायची ते कळत नाही.

प्रत्येक वस्तूला तीन फोटो पुरतात. पहिला, स्टीलच्या ताटलीत मसाला, खिडकीशेजारी, सकाळच्या उजेडात आणि फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅशने लाल मसाला केशरी दिसतो आणि मग ‘रंग घातलाय का?’ असं विचारलं जातं. दुसरा लेबलचा, वाचता येईल असा. तिसरा पाकीट हातात धरून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. एआयने बनवलेला चकचकीत फोटो लावू नका. पार्सल उघडल्यावर आत वेगळंच दिसलं की पहिली तक्रार त्याचीच येते.

वर्णन चार ओळींचं असावं: मिरची कोणती (ब्याडगी, लवंगी, संकेश्वरी), मीठ घातलंय का, तीळ किंवा शेंगदाणे आहेत का, किती दिवस टिकतो. तीळ-शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे लोक असतात, ती ओळ विसरू नका. ‘मधुमेहावर गुणकारी’ असलं काही मात्र लिहू नका. खाण्याच्या वस्तूने आजार बरा होतो असा दावा करायला कायद्याने मनाई आहे.

आणि किंमत लिहा. ‘भावासाठी इनबॉक्स करा’ ही पद्धत कुणी आणली कोण जाणे. त्याने चौकशा वाढतात, विक्री वाढत नाही.

भाव ठरवताना कुरिअर धरा

इथेच बहुतेकांचे हात पोळतात. समजा २५० ग्रॅम पाकीट २२० रुपयांना विकताय. सामान १०५, डंखावरचं (मसाला कुटायच्या यंत्रावरचं) कुटणं १०, पाउच आणि लेबल १२, म्हणजे पाकीट १२७ रुपयांना पडलं. त्यावर खोका १५ आणि कुरिअर ६०. झाले २०२. उरले अठरा रुपये, आणि त्यात निवडणं, भाजणं, दुपारभर उन्हात मिरच्या उलटत बसणं, सगळं आलं.

तेच एक किलो, म्हणजे चार पाकिटं एकदम पाठवली तर ८८० रुपये येतात. पाकिटं ५०८, मोठा खोका २५, कुरिअर ११०, एकूण ६४३. उरतात २३७. म्हणून ‘कुरिअर मोफत’ द्यायचंच असेल तर एक किलोपासून पुढे द्या. त्याच्या खाली कुरिअरचा आकार वेगळा लावा किंवा गावातल्या गावात स्वतः पोचवा. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोब असाच मांडा. सामानाची किंमत धरताना देठ काढल्यावर आणि भाजल्यावर येणारी घट मोजलीच पाहिजे. वाळलेली मिरची किलोभर आणली तरी तयार मसाल्यात ती किलोभर उतरत नाही.

चौकशीला उत्तर

नव्या माणसाचा पहिला मेसेज आला, किंवा जुना चौदा दिवस गप्प राहून पुन्हा बोलला, की ‘ग्रीटिंग मेसेज’ आपोआप जातो. त्यात नुसतं ‘स्वागत आहे’ न लिहिता कॅटलॉग बघायला सांगा आणि पिनकोड मागा. रात्रीसाठी ‘अवे मेसेज’ ठेवा आणि उत्तर कधी मिळेल ते लिहा. नाहीतर रात्री साडेअकराला विचारणारा माणूस सकाळपर्यंत दुसरीकडून घेऊन मोकळा होतो.

रोजची तीच ती उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा, स्लॅश दाबला की यादी समोर येते. भावाचं उत्तर काहीसं असं:

‘नमस्कार. कांदा-लसूण मसाला १ किलो (२५० ग्रॅमची ४ पाकिटं) ८८० रुपये, कुरिअर धरून. आज पैसे जमा झाले तर उद्या दुपारी पार्सल निघेल. नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड आणि मोबाइल नंबर एकाच मेसेजमध्ये पाठवा.’

‘एकाच मेसेजमध्ये’ हे मुद्दाम. पत्ता चार तुकड्यांत आणि मधला एक व्हॉइस नोटमध्ये आला की पार्सल चुकीच्या सोसायटीत जातं. असली उत्तरं एआयकडून लिहून घेतली तर एकदा मोठ्याने वाचून बघा. ‘आपल्या मौल्यवान चौकशीबद्दल आभारी आहोत’ असं मसालेवाल्या काकू बोलत नाहीत.

ॲपमध्ये चॅटला लावायची लेबलं पाच पुरेत: चौकशी, पैसे बाकी, पॅक करायचं, पाठवलं, परत विचारायचं. लेबल बदलल्याशिवाय चॅट बंद करायची नाही, एवढी सवय लागली की ऑर्डर राहून जात नाही.

पैसे

क्यूआर कोड व्यवसायाच्या खात्याचा ठेवा आणि पैसे आले की नाही हे आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. गिऱ्हाईकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तसला स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतं. ‘लष्करातून बोलतोय, दहा किलो हवाय, पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा’ हा जुनाच डाव आहे. पैसे घेताना कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ म्हणणाऱ्यालाही आधी बँकेचं ॲप उघडून बघितल्याशिवाय रुपया देऊ नका.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला नकोच. दार बंद असलं की जाण्या-येण्याचा दोन्हीकडचा खर्च तुमच्या माथी येतो आणि परत आलेला मसाला दुसऱ्याला पाठवता येत नाही.

पॅकिंग आणि कुरिअर

डंखावरून आलेला मसाला गरम असतो. तसाच भरला तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात, पुढे बुरशी येते. पातेल्यावर सुती फडकं टाकून तो पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो रात्रभर, मग भरा. साध्या पातळ पिशवीतून वास निघून जातो. आतून ॲल्युमिनियमचा थर असलेले पाउच घ्या. सीलिंग मशीन लावण्याआधी पाउचचे ओठ आतून कोरड्या फडक्याने पुसा. तिथे मसाल्याची पूड राहिली तर सील वरून धरल्यासारखं दिसतं आणि वाटेत उघडतं. सील केल्यावर पाकीट तळहाताने दाबा. हवा सुटली तर पुन्हा करा. खोबऱ्याचं तेल सुटतं, म्हणून प्रत्येक पाउचवर आणखी एक पिशवी हवी, नाहीतर खोक्याला डाग पडून पत्ता पुसतो.

कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. ३० × २० × १५ चा खोका १.८ किलो धरला जातो, आत किलोभरच मसाला असला तरी. २२ × १५ × १२ चा घेतला तर ०.७९ भरतो, म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे लागतात. खोके घाऊक आणण्याआधी चार पाकिटं रचून, पट्टीने मोजून मगच माप ठरवा.

कागदपत्रं

खाद्यपदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागतेच, घरून विकलात तरी. लहान उत्पादकांना त्यांच्याच फॉस्कॉस पोर्टलवर साधी नोंदणी करता येते, सरकारी फीही तिथेच भरायची. एजंटला हजारो रुपये मोजायचं कारण नाही. मिळालेला चौदा आकडी नंबर लेबलवर छापायचा. शिवाय घटक (वजनाने जास्त तो आधी), निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचा, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, करून ठेवा.

जीएसटीत एक खाच आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नुसता माल विकत असाल तर उलाढाल वर्षाला ४० लाखांपर्यंत असताना नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून म्हापशाला पाठवलेलं पार्सलही यात आलं. जाहिरातीत ‘भारतभर पाठवतो’ लिहिण्याआधी एकदा सीएला विचारा.

गिऱ्हाईक परत आणणं

प्रत्येक ऑर्डर गूगल शीटमध्ये लिहा: नाव, नंबर, पिनकोड, काय घेतलं, कधी. एकाच माणसाच्या दोन ऑर्डरींमधलं अंतर बघितलं की त्या घरातलं पाकीट किती दिवसांत संपतं ते कळतं. त्याच्या आठवडाभर आधी एक साधा मेसेज टाका.

ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा धाडायच्या, एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाका: ‘हा नंबर या नावाने सेव्ह करा.’ व्हॉट्सॲप बिझनेसमधला, तुमची चॅट उघडणारा क्यूआर कोडही त्यावर छापा. कुठून तरी मिळवलेल्या नंबरांना मेसेज धाडू नका. लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, आणि अकाउंट बंद पडलं की सगळा संसारच अडकतो.

मसाल्याला हंगाम असतो, तो वापरा. मार्चमध्ये वर्षाच्या मसाल्याचं बुकिंग उघडा, थोडी आगाऊ रक्कम घ्या, पाऊस लागायच्या आत पार्सलं संपवा. स्टेटसवर मिरच्या वाळताना, डंख चालू असताना असे दहा-पंधरा सेकंदांचे व्हिडिओ टाका. डंखाचा आवाज राहू द्या, वर गाणं नको.

गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल मॅपवर दिसणारी व्यवसायाची नोंद) काढायचं तर गिऱ्हाईक घरी येऊन नेतं किंवा तुम्ही स्वतः पोचवता, असं काहीतरी हवं. फक्त कुरिअरने विकणाऱ्याला ते मिळत नाही. लोक घरी येऊ नयेत असं वाटत असेल तर पत्ता लपवून फक्त पोचवण्याचा भाग दाखवता येतो. व्यवसायाच्या नावात ‘कोल्हापुरातील सर्वोत्तम मसाला’ असले शब्द घुसडले तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणंही नियमाबाहेर.

जाहिरात

हे सगळं मार्गी लागल्यावर इन्स्टाग्राम-फेसबुकवर व्हॉट्सॲप चॅट उघडणारी जाहिरात लावा, पोस्टखालचं ‘बूस्ट’चं (पैसे भरून पोस्ट पसरवायचं) बटण घाईने दाबू नका. आपला जिल्हा आणि पुणे-मुंबई एवढाच भाग निवडा. रोज २०० रुपये, पाच दिवस: झाले १०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८०. त्यातून एक-एक किलोच्या पाच ऑर्डरी आल्या तर प्रत्येक ऑर्डर २३६ रुपयांना पडली. वरच्या हिशोबात किलोमागे उरले होते २३७, म्हणजे हाती राहिला एक रुपया. त्या पाच जणांना शीटमध्ये वेगळा रंग द्या. दोन-तीन महिन्यांत त्यांतल्या दोघा-तिघांनी आपणहून पुन्हा मागवलं तर तीच जाहिरात पुन्हा लावा. एकानेही मागवलं नाही तर आधी त्या पाचही जणांना फोन करून मसाला कसा वाटला ते विचारा.