फेसबुकवर लेखक-मैत्र जमवायचं तर

लिहिणाऱ्या माणसांशी ओळख व्हावी असं वाटत असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे स्वतःची कथा-कविता वॉलवर टाकूच नका. दुसऱ्यांचं वाचा आणि त्याखाली नीट कमेंट लिहा. मी दिंडोरीच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये निर्यातीची कागदपत्रं बघते, नाशिकच्या सिडकोतून कंपनीच्या गाडीने जाते-येते. माझं बहुतेक लेखक-मैत्र त्या गाडीत, मोबाईलवर, दुसऱ्यांच्या पोस्टखाली जमलंय.

आधी कुठे बसायचं ते ठरवा. कथा, ललित, लांबलचक आठवणी लिहिणारे मला अजूनही फेसबुकवरच जास्त भेटतात. तरुण कवी इन्स्टाग्रामवर. तिथे कमेंटमध्ये नुसते बदाम पडतात, खरं बोलणं स्टोरीला रिप्लाय देऊन होतं. एक्सवर साध्या खात्याला २८० चिन्हांची मर्यादा, त्यात काना, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर सगळं वेगळं मोजतात. एकट्या ‘स्त्री’लाच ६ जातात. भांडायला तेवढं पुरतं, गोष्टीवर बोलायला नाही. सगळीकडे हजेरी लावत फिरू नका, एक जागा धरा.

आता कमेंट. ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘लेखणीला सलाम’ यांना लेखक लाइक देतो आणि विसरतो. वाचताना तुम्ही कुठे थबकलात ती एक जागा शोधा आणि तिच्याबद्दल एकच प्रश्न विचारा. निफाडकडच्या एका बाईंनी कांदा चाळीवर, म्हणजे कांदा साठवायच्या शेडवर, कथा टाकली होती. म्हातारी सकाळी चाळीपाशी जाते, नाकाला पदर लावते आणि घरात येऊन मुलाला म्हणते, ‘माल चांगलाय.’ खाली ‘खूप छान ताई’ची रांग. मी लिहिलं, ‘पदर लावला म्हणजे कांदा सडायला लागल्याचं तिला कळलंय. मग मुलाशी खोटं का बोलते? भाव वाढेल म्हणून तो थांबला होता, त्याला दुखवायचं नाही म्हणून, की थांबायचं तिनेच सांगितलं होतं?’

त्याच रात्री बाईंचं उत्तर आलं, चांगलं लांबलचक. पहिल्या खर्ड्यात म्हातारी सरळ सांगून टाकत होती. ते का काढलं, हेही त्यांनी लिहिलं. त्यात लासलगावकडचे एक गृहस्थ शिरले, म्हणाले, ‘बाहेर वास येईपर्यंत आतला थर गेलेला असतो, म्हातारीला आठवडाभर आधीच माहीत असणार.’ कथेचा अर्थच थोडा हलला! हे गृहस्थ कविता लिहितात हे मला त्यांच्या प्रोफाईलवर गेल्यावर कळलं. म्हणून सांगते, फक्त लेखकाच्या मागे लागू नका, खाली बोलणाऱ्यांनाही उत्तर द्या. तुमच्याच पायरीवरचे लिहिणारे तिथे असतात. नावाजलेल्या लेखकाच्या पोस्टखाली दोनशे माणसं एकाच वेळी बोलत असतात, तिथे ओळख व्हायची नाही.

काय उघड बोलायचं आणि काय मेसेजमध्ये, याचं तारतम्य ठेवा. आशयाबद्दलचा प्रश्न उघड विचारा, त्याने पोस्ट रंगते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र कधीही चारचौघांत काढू नका. आणि दुसऱ्याच्या कवितेखाली ‘यावरून माझी एक कविता आठवली’ म्हणून अख्खी कविता चिकटवणारी जमात आहे. तिच्यात जाऊ नका.

दोन-चार पोस्टवर बोलणं झालं की मेसेज करायला हरकत नाही. तुम्ही मित्रयादीत नसाल तर तो मेसेज रिक्वेस्टमध्ये पडतो आणि अनेकांना तो कप्पाच माहीत नसतो. त्यामुळे कमेंटमध्येच ‘मेसेज पाठवलाय, सवडीने बघा’ असं लिहा. मेसेज थोडक्यात हवा. ‘नमस्कार, तुमच्या चाळीच्या कथेखाली आपलं बोलणं झालं. मीही कथा लिहिते. एक वाचून स्पष्ट सांगाल का? घाई नाही.’ एवढं पुरे. सोबत पाच कथा जोडू नका, आधी होकार येऊ द्या. पहिल्याच मेसेजपासून अहो-जाहो. ताई-दादा समोरच्याने म्हटल्यावर.

बायकांनी एवढं पाहावं: ‘सुंदर लिहिता’नंतर दुसराच मेसेज ‘जेवलात का?’ असा आला, तर त्या माणसाला साहित्यात रस नाही. उत्तर न देता ब्लॉक करा, वाईट वाटून घेऊ नका.

कथा पाठवायची तर युनिकोडमध्ये. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल समोरच्याच्या मोबाईलवर नुसती चिन्हांची खिचडी दिसते, आणि तो बिचारा संकोचाने ‘वाचली, छान आहे’ म्हणतो. गुगल डॉक्सची लिंक दिलीत तर परवानगी कमेंटपुरती ठेवा, एडिटची नको.

पाच-सहा माणसं जमली की व्हॉट्सअॅप ग्रुप करा. ग्रुपमध्ये १०२४ जण घेता येतात म्हणून घ्यायचे नसतात. दहाच्या पुढे गेलं की सुप्रभात सुरू होतं. आमच्याकडे दर रविवारी एकाचंच लेखन, आणि वाचलं नसेल तर तसं सांगायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचे कंटेनर भरायचे असतात. तेव्हा मी कुणाचं काही वाचत नाही आणि ते आधीच सांगून ठेवते.

२७ फेब्रुवारीला तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी आपल्या नाशिककरांच्या वॉलवर तोच फोटो आणि त्याच चार ओळी फिरतात, काही तर त्यांच्या नसतातही. तुमची पोस्ट त्यात बुडणार. त्यापेक्षा कुणी स्वतःची आठवण लिहिली असेल तिथे जाऊन बोला. दुसऱ्याचं काहीही शेअर करताना लिहिणाऱ्याचं नाव तसंच राहू द्या. नाव कापून पुढे ढकललेल्या कवितेचा कवी कधी ना कधी तुमच्याच यादीत निघतो.

प्रत्यक्ष भेटायचं तर आपल्याकडे जागांना तोटा नाही. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज स्मारक आहे, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. व्याख्यानाला भेटायचं ठरवलं की आधी तासभर दुसराच बोलत असतो, मग बोलायला विषय आयताच मिळतो. पहिली भेट कुणाच्या घरी नको.

या ओळखींचा रोकडा उपयोग जून-जुलैत कळतो, दिवाळी अंकांना लेखन पाठवायची वेळ येते तेव्हा. कोणता अंक पोच देतो, कोणता वर्षभर कथा दाबून ठेवतो, कुठे लेखकालाच अंक विकत घ्यावा लागतो, हे लिहिणारी माणसंच सांगतात. मानधनाचं मात्र उघड कमेंटमध्ये विचारू नका. तिथे सगळेच ‘मानधन गौण आहे हो’ म्हणतात. फोन करा, आकडा सांगतात.