बॅसिलस मायकॉइडिस: बुरशी समजून प्लेट टाकून देताय? या चुका टाळा

जंगलातली माती पातळ करून न्यूट्रिएंट आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर) पसरायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहावं तर काय, पांढऱ्या मुळ्यांसारखे धागे एकाच बाजूला वळत प्लेटभर पसरलेले. 'बुरशी लागली' म्हणत प्लेट सरळ ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राच्या) पिशवीत! अशा दोन प्लेट मीही घालवल्या आहेत. खरं तर ते धागे बॅसिलस मायकॉइडिस या जिवाणूचे असू शकतात. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ फ्ल्युगे यांनी 1886 मध्ये त्याला दिलेल्या नावाचा अर्थच 'बुरशीसारखा' असा आहे, तेव्हा फसगत जुनीच.

शंका आली की वेट माउंट करा, म्हणजे पाण्याच्या थेंबात थोडी वाढ घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. बुरशीचे तंतू बरेच जाड आणि फाटे फुटलेले असतात. इथे साधारण एक मायक्रॉन रुंदीचे दांडके आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडलेले दिसतील. हा जिवाणू पोहत नाही. विभाजनानंतरही पेशी सुटत नाहीत, साखळी लांबत आणि वळत जाते, म्हणून कॉलनीला, म्हणजे प्लेटवर दिसणाऱ्या पेशींच्या पुंजक्याला, हे रूप येतं. काही स्ट्रेन (एकाच प्रजातीतले वाण) उजवीकडे वळतात, काही डावीकडे. वहीत दिशा नोंदवताना प्लेट झाकणाच्या बाजूने पाहिली की तळातून, तेही लिहा. इनक्युबेटरमध्ये प्लेट उलट्या ठेवलेल्या असतात, तशाच पाहिल्या तर उजवं डावं होतं. या एका गोष्टीवरून दोन जोडीदारांत तासभर वाद झालेला मी पाहिलाय.

प्लेटवर गर्दी करू नका. मोजणीसाठी प्लेटवर 30 ते 300 कॉलनी असाव्यात हा नियम इथे उपयोगाचा नाही, कारण एकच कॉलनी शेजारच्या सगळ्यांना गिळते. आणखी पातळ करा. बीजाणूच (उष्णता सोसणारं जिवाणूचं सुप्त रूप) हवे असतील तर मातीचं पाण्यातलं मिश्रण आधी 80 अंश सेल्सिअसला 10 मिनिटं ठेवा, बिनबीजाणूचे बहुतेक सोबती गळतात. सवयीने 37 अंशांवर ठेवू नका, 30 पुरे.

ग्रॅम स्टेनिंगला (जिवाणूंचे जांभळे ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि गुलाबी ग्रॅम-निगेटिव्ह असे गट पाडणाऱ्या रंगचाचणीला) 18 ते 24 तासांचं ताजं कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, घ्या. जुन्यातल्या पेशी जांभळा रंग सोडतात आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह असूनही गुलाबी दिसतात. पुन्हा पुन्हा सबकल्चर केल्यावर (नव्या प्लेटवर वाढवल्यावर) धागे नाहीसे होऊन साधी कॉलनी येऊ शकते. मूळ कल्चर जपून ठेवलं नसेल तर मग डोक्याला हात!

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे धागे दिसले की नाव ठोकून देणं. 1998 मध्ये मायकॉइडिसपासून वेगळी ठरवलेली बॅसिलस स्यूडोमायकॉइडिस ही प्रजातीही अशीच वाढते. नुसत्या 16एस अनुक्रमावरही (जिवाणू ओळखायला वापरतात त्या एका जनुकाच्या क्रमावरही) विसंबू नका. बॅसिलस सिरियस गटातल्या प्रजातींचा तो जवळजवळ सारखाच असतो, पूर्ण जीनोम (सगळा डीएनए) पाहावा लागतो. अन्नविषबाधा करणारा सिरियस आणि अँथ्रॅक्सचा जिवाणू याच गटातले, त्यामुळे प्लेट उघडून वास घेणं नको, आणि टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह हवाच.