रिकर्शन शिकवायचंय? फॅक्टोरियल राहू द्या, आधी नऊ कार्डं कापा

आमच्या शाळेच्या संगणक क्लबात आठवी-नववीची मुलं येतात. त्यांना रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, शिकवताना मी फॅक्टोरियलपासून सुरुवात करत नाही. ५ चा फॅक्टोरियल (५ × ४ × ३ × २ × १) साध्या लूपने, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा करून, निघतो. मग "मॅडम, हे एवढं उलटसुलट कशाला?" असं मुलं विचारतात आणि त्यांचं बरोबरच असतं. ज्या कामात रिकर्शन आपणहून सुचतं, ते काम आधी द्यावं. माझ्या मते पदावलीचं झाड त्यासाठी सगळ्यात उत्तम, कारण कंचेभागुबेव मुलांना पाठच असतं.

फळ्यावर लिहा: (३ + ४) × (१० − ६ ÷ २). उत्तर विचारू नका. "सगळ्यात शेवटी कुठली क्रिया होणार?" एवढंच विचारा. गुणाकार. तो वर लिहा, त्याला डावी-उजवी अशा दोन फांद्या काढा आणि प्रत्येक फांदीसाठी पुन्हा तोच प्रश्न विचारा. आकडा आला की फांदी संपली. झाड पूर्ण झाल्यावर कंस कुठे गेले, हे मुलांनाच शोधू द्या. कंस लागतात ते एका ओळीत लिहिताना. झाडात कोण कोणाच्या खाली आहे, यावरूनच क्रम ठरतो.

इथे घाई नको. १० − ३ + २ चं झाडही काढायला लावाच. कंचेभागुबेवमध्ये 'बे' आधी येतो म्हणून काहीजण बेरीज आधी करतात आणि ५ सांगतात. बेरीज-वजाबाकीचा मान सारखा, डावीकडून उजवीकडे जायचं, म्हणून उत्तर ९. दोन्ही झाडं शेजारी शेजारी काढा. एकाच्या टोकाला उणे, दुसऱ्याच्या टोकाला अधिक. वाद तिथेच मिटतो.

आता पहिल्या पदावलीची नऊ कार्डं कापा, नऊ मुलांना द्या आणि त्यांना झाडासारखं उभं करा. नियम दोनच. हातात आकडा असेल तर विचारणाऱ्याला तो सांगायचा. चिन्ह असेल तर आधी डावीकडच्याला विचारायचं, उत्तर चिठ्ठीवर लिहायचं, मग उजवीकडच्याला विचारायचं, हिशेब करायचा आणि ज्याने विचारलं त्याला सांगायचं. तुम्ही फक्त गुणाकारवाल्याला विचारा, "तुझी किंमत काय?"

उणेवाली मुलगी हमखास भागाकारवाल्याच्या कार्डात डोकावते. तिला थांबवा: "तू फक्त विचार. तो कसं काढतो, ते त्याचं काम." रिकर्शनमधली अवघड गोष्ट हीच आहे, खालच्यावर विश्वास ठेवणं. ती अंगवळणी पडली की बाकीचं सोपं जातं.

खेळ ६ च्या कार्डापाशी आला की थांबवा आणि उत्तराची वाट बघणाऱ्यांना हात वर करायला सांगा. तीन हात वर होतात: गुणाकार, वजाबाकी, भागाकार. अर्धवट राहिलेली कामं संगणक जिथे लक्षात ठेवतो, तो कॉल स्टॅक म्हणजे हेच तीन हात आणि त्यांच्या चिठ्ठ्या.

एकाला फळ्यापाशी बसवून, ज्या क्रमाने उत्तरं दिली गेली तशी कार्डं लिहून घ्या: ३ ४ + १० ६ २ ÷ − ×. ही झाली रिव्हर्स पोलिश पद्धत: आधी आकडे, मग त्यांचं चिन्ह. १९७२ सालच्या एचपी-३५ कॅल्क्युलेटरवर याच पद्धतीने, बरोबरच्या (=) चिन्हाशिवाय, हिशेब करत. मुलांना हे फार आवडतं.

मग कोड. आधी मराठीत लिहा (गाठ म्हणजे झाडातलं एक कार्ड):

किंमत(गाठ):
गाठ आकडा असेल तर तोच परत दे
डावं = किंमत(डावी फांदी)
उजवं = किंमत(उजवी फांदी)
दोघांवर गाठीचं चिन्ह चालव, उत्तर परत दे

पायथन ३ मध्ये फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, तेव्हा 'किंमत' हे नाव तसंच ठेवा. पहिली अट मुद्दाम खोडून पुन्हा खेळायला लावा. ३ चं कार्ड धरलेला मुलगा डावीकडे बघतो आणि तिथे कुणीच नसतं! बेस केस, म्हणजे थांबायची अट, का लागते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांचं लवकर होतं, त्यांना शेवटची ओळ बदलायला सांगा: हिशेब करण्याऐवजी डावं, चिन्ह आणि उजवं कंसात जोडून परत द्यायचं. ((३+४)×(१०−(६÷२))) असं छापून येतं. यातला भागाकाराभोवतीचा आणि सगळ्यात बाहेरचा, असे दोन कंस जास्तीचे आहेत. नको असलेले कंस तेवढे गाळायचे आणि १० − (३ + २) मधला मात्र राखायचा, यासाठी मी पुढचा अख्खा शनिवार ठेवते.