थीम पार्क बघायला जाताना घड्याळ आणि वही घेऊन जा

मी नकाशे काढण्याचं काम करते. इमारतींचे, रस्त्यांचे, कारखान्यांच्या आवारांचे. त्यामुळे कुठल्याही थीम पार्कमध्ये शिरले की माझी नजर आधी आवाराच्या कडेवर जाते, राइड नंतर. ही सवय तुम्हालाही लागावी म्हणून हे लिहिते आहे. आधुनिक थीम पार्क कसा घडत गेला, हे बरंचसं जागेवरच दिसतं. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

सुरुवात फाटकाबाहेरून करा. आत शिरायचे पैसे किती, आणि राइडचे वेगळे पडतात का, एवढंच वहीत लिहा. अमेरिकेत कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर १८८४ साली लामार्कस थॉम्पसननं पाच सेंटांत बसायची घसरगाडी सुरू केली, तेव्हा ती एकटीच उभी होती. तिच्याभोवती पार्क नव्हता. तिथेच १८९५ साली पॉल बॉयटननं सी लायन पार्कला कुंपण घालून फाटकावर तिकीट लावलं. मग १८९७ मध्ये स्टीपलचेस, १९०३ मध्ये दिव्यांनी झगमगणारा लूना पार्क, १९०४ मध्ये ड्रीमलँड. ड्रीमलँड १९११ साली जळून गेलं, पण कुंपण आणि फाटक कायमचं रुजलं.

१९५५ साली अ‍ॅनहाइमला डिस्नीलँड उघडलं तेव्हा फाटकाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे होते. पुढे तिकिटांची पुस्तकं आली आणि राइडना अक्षरं मिळाली. १९५९ पासून सर्वांत भारी राइडचं अक्षर ‘ई’. टेक्सासमधल्या सिक्स फ्लॅग्जनं मात्र १९६१ मध्ये एकदाच पैसे घेऊन सगळं खुलं केलं. डिस्नीनं ही पुस्तकं १९८२ मध्ये बंद केली. या बदलाकडे नीट लक्ष द्या, कारण बाकी सगळं त्यातून निघतं. माणूस एकदाच पैसे देणार असेल, तर एकेका राइडची कमाई संपली. आता त्याला दिवसभर आत थांबवणं, खायला-प्यायला लावणं आणि रांगा सरकत्या ठेवणं यावर पार्क चालतो.

आत गेल्यावर लगेच राइडकडे धावू नका. शंभर पावलं चालून थांबा आणि गोल फिरून बघा. बाहेरचे विजेचे खांब, उंच इमारती, महामार्ग दिसतो का? डिस्नीलँडभोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरवली, ती एवढ्यासाठीच. माझ्या मते जत्रा आणि थीम पार्क यांतला खरा फरक हा बांध आहे. पुढे पार्क वाढला आणि बांधाच्या आत जागा उरली नाही. तिथेच १९६९ मध्ये उघडलेल्या हाँटेड मॅन्शन या भुताच्या वाड्याच्या राइडमध्ये लोक एका खोलीत जातात आणि तिच्या भिंती लांबत चालल्यासारख्या दिसतात. ती खोली म्हणजे लिफ्ट आहे. ती सगळ्यांना खाली नेते, लोक आगगाडीच्या रुळांखालून चालत पलीकडे जातात, आणि राइडची मुख्य इमारत बांधाबाहेर आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ही रचना मला पहिल्यांदा नकाशावर कळली तेव्हा मी हरखून गेले होते. तुम्हीही कुठल्याही बंदिस्त राइडमध्ये विचारा: आपल्याला आत्ता खाली का उतरवलं? हा लांब बोळ कशाला? पुष्कळदा उत्तर असतं, हद्द ओलांडायला.

मधला चौक आणि त्यातून फुटणाऱ्या वाटा यांवर फार वेळ घालवू नका. प्रत्येक वाटेच्या टोकाला काहीतरी उंच उभं आहे का, एवढं बघा. पाय आपोआप तिकडे वळतात.

रांगेला मात्र भरपूर वेळ द्या. तशीही उभं राहण्यापासून सुटका नाही. घड्याळ काढा आणि एक गाडी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंतचे सेकंद मोजा. गाडीत २४ माणसं बसत असतील आणि दर ६० सेकंदांनी एक सुटत असेल, तर तासाला १४४० माणसं गेली. सीटवरचे दांडे तपासण्यात, पिशव्या ठेवण्यात ९० सेकंद लागू लागले की तीच राइड ९६० वर येते. रूळ तेच, गाडी तीच, तरी तिसरा हिस्सा गळाला. या संथ वेगानं तुमच्या पुढे अंदाजे ४८० माणसं असतील तर अर्धा तास धरा. हा हिशेब जमला की फलकावरच्या वेळेवर विसंबावं लागत नाही.

पार्कांच्या इतिहासातले कितीतरी मोठे शोध तासाला किती माणसं जातात या एका आकड्यासाठी लागले आहेत. डिस्नीलँडमधली पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही राइड आधी चालत बघायचं पुतळ्यांचं दालन होणार होतं. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात डिस्नीच्या ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या राइडच्या होड्यांनी प्रचंड गर्दी सुरळीत वाहून नेली, आणि १९६७ मध्ये पायरेट्स होड्यांवर सुरू झालं. त्याच वर्षी ओम्निमूव्हर आला: न थांबणाऱ्या डब्यांची अखंड साखळी, चढायला शेजारी सरकता पट्टा. हाँटेड मॅन्शन तशीच चालते आणि तासाला दोन हजारांहून जास्त लोक सहज नेते. शिवाय डबा स्वतः वळतो, म्हणजे तुम्ही केव्हा काय बघायचं तेही तोच ठरवतो. तशा डब्यात बसलात तर मुद्दाम मान वळवून मागे बघा; दिव्यांची पाठ आणि काळ्या रंगाच्या भिंती दिसतील.

१९९९ मध्ये डिस्नीनं फास्टपास आणला. चिठ्ठी घ्या, ठरलेल्या वेळेला या, तोही फुकट. २०२१ पासून त्याच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. एकाच फाटकातून समान पैसे देऊन आलेल्यांची रांगेत पुन्हा वाटणी होते, हे मला मनापासून खटकतं. रांग ही त्या आवारातली सगळ्यांची एकसारखी गोष्ट होती.

आता रूळ. रोलर कोस्टरच्या कडेला उभं राहून चाकं बघा: वर एक, बाजूला एक आणि रुळाच्या खालून धरणारं एक. ते खालचं चाक कोस्टर बनवणाऱ्या जॉन मिलरनं १९१९ च्या सुमारास आणलं आणि तेव्हापासून उंच, तीव्र उतार शक्य झाले. चढणीवरची टक-टक ऐका. डबा मागे घसरू नये म्हणून दातेरी पट्टीवर पडत जाणाऱ्या खिट्टीचा तो आवाज. लाकडी सांगाड्यांनंतर १९५९ मध्ये डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्न या कोस्टरवर पोलादी नळीचे रूळ आले आणि वळणं हवी तशी वाकवता येऊ लागली. लूप, म्हणजे गाडीला उलटं फिरवून आणणारं रुळाचं वेटोळं, दिसला तर त्याचा आकार कागदावर काढा. सी लायन पार्कमधला जुना लूप पूर्ण गोल होता. सरळ रुळावरून गोलाईत शिरताना बसणाऱ्यांच्या मानेला हिसका बसायचा. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कच्या रेव्होल्यूशन या कोस्टरसाठी अभियंते वर्नर स्टेंगल यांनी थेंबासारखा आकार वापरला: खाली वेग जास्त म्हणून वळण मोठं, वर वेग कमी म्हणून वळण लहान. शेवटी थांब्याजवळ रुळांमध्ये धातूच्या उभ्या पट्ट्या दिसल्या तर ते चुंबकी ब्रेक. वीज गेली तरी ते गाडीचा वेग उतरवतात, म्हणून मला ते विशेष आवडतात.

देशोदेशीचे पार्क बघायला मिळाले, तर छप्पर बघा. टोकियो डिस्नीलँड १९८३ मध्ये आलं. त्याची मालकी ओरिएंटल लँड या जपानी कंपनीची, आणि प्रवेशाचा मुख्य रस्ता पावसासाठी काचेखाली. पॅरिसच्या डिस्नीलँडमध्ये, १९९२ साली, त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाकलेले मार्ग काढले. हाँगकाँगच्या डिस्नीलँडमध्ये प्रवेशद्वाराचा कोन फेंगशुईच्या सल्ल्यानं फिरवला. अबुधाबीतलं फेरारी वर्ल्ड, २०१० चं, उन्हामुळे बहुतेक सगळं एका छताखाली आहे. ताशी २४० किलोमीटर वेगाची फॉर्म्युला रोसा ही रोलर कोस्टर मात्र बाहेर धावते. नुसती नक्कल करून पार्क उभा राहत नाही, त्याला तिथलं हवामान आणि तिथली माणसं आत घ्यावी लागतात.

गोष्ट कुणाची आहे, हेही लिहून ठेवा. २०१० मध्ये ऑरलँडोला हॅरी पॉटरचं जग उघडलं आणि दुकानं, पेयं, गल्ल्या हेच मुख्य आकर्षण झालं. त्यानंतर सगळे विकत घेतलेल्या कथानकांमागे धावले. मला त्याहून एफ्टेलिंग हा पार्क जवळचा वाटतो. नेदरलँड्समध्ये १९५२ साली, डिस्नीलँडच्याही आधी, चित्रकार अँटोन पीक यांच्या कल्पनेतून तिथे परीकथांचं जंगल उभं राहिलं. फ्रान्समधल्या प्वी द्यू फूमध्ये तर राइडच नाहीत, इतिहासावरचे भव्य खेळ आहेत, आणि तरी लोक लोटतात.

हे सगळं एकाच सहलीत बघायचं असेल तर मी कोपनहेगन सुचवेन. शहराबाहेर बाकेन हा पार्क, १५८३ पासूनचा. शहरात टिव्होली, १८४३ चं, जिथे फाटकाचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे ही जुनी पद्धत अजून चालू आहे. टिव्होलीत शिरलात की आधी १९१४ ची लाकडी रोलर कोस्टर, रुत्शेबानेन, गाठा. तिच्यावर अजूनही एक माणूस गाडीबरोबर बसून हातानं ब्रेक लावतो. त्याचा हात दिसेल अशी जागा धरा, आणि तो कुठल्या उतारावर दांडा ओढतो ते वहीत उतरवून घ्या.