समुद्री संशोधनाच्या परवानग्या काढताना या चुका टाळा

विद्यापीठाचं मंजुरीपत्र आलं, निधी आला, मार्गदर्शकांनी सही केली की सागरी जीवशास्त्राच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं आता फक्त बोट ठरवायची राहिली. अडचण तिथूनच सुरू होते. सरकारदरबारी परवानगी प्रकल्पाला मिळत नाही, कृतीला मिळते. कोणत्या बोटीतून जाणार, कोणतं जाळं टाकणार, कोणत्या जीवाला हात लावणार, कोणत्या पाण्यात उतरणार, नमुना कुठे नेणार, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणारं खातं वेगळं आहे. मत्स्यव्यवसाय विभाग बोट आणि जाळं बघतो. वन विभाग संरक्षित प्राणी आणि अभयारण्य बघतो. जैवविविधता मंडळाचा संबंध नमुन्याशी येतो. तटरक्षक दल आणि सागरी पोलीस समुद्रात कोण फिरतंय ते बघतात. एका खात्याचं पत्र दुसऱ्या खात्यासमोर चालत नाही, आणि हे न समजल्यामुळे होणारी बहुतेक नुकसानं संशोधकाची नसून बोटवाल्याची असतात. म्हणून बोटीपासूनच सुरुवात करतो.

तांडेलचा परवाना पणाला लावू नका

कोकण किनाऱ्यावर नमुने गोळा करायला बहुतेक जण स्थानिक मच्छीमाराचीच बोट भाड्याने घेतात. त्यात चूक काही नाही, उलट तांडेलइतकी (बोट चालवणाऱ्या प्रमुखाइतकी) त्या पाण्याची माहिती कुणालाच नसते. पण त्या बोटीचा परवाना ठरावीक मासेमारीसाठी आहे, आणि तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली दिलेला आहे. बोट संशोधनासाठी घेतल्याने त्या परवान्याच्या अटी सैल होत नाहीत. 'आम्ही कॉलेजचे आहोत' हे वाक्य गस्ती नौकेसमोर काहीच कामाचं नाही. २०२१ च्या सुधारणेनंतर दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या आहेत. तो दंड नौकेवर बसतो. विद्यार्थी पुण्याला परत जातो आणि बोटवाला मत्स्यव्यवसाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतो. हे मला कुठल्याही तांत्रिक चुकीपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं, बंदीचा काळ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांची अंडी, पिल्लं, प्रजनन यांचा अभ्यास करणाऱ्याला नेमके हेच दिवस हवे असतात. तेव्हा यांत्रिक बोट काढायची तर सूट लेखी हवी. तीही नौकेचं नाव, नोंदणी क्रमांक, तारखा आणि जाळ्याचा प्रकार नमूद असलेली. 'साहेबांना फोनवर सांगितलंय' ही सूट नव्हे. शक्य असेल तर अभ्यासाची आखणीच बदला. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नसते, आणि खाडीतले किंवा किनाऱ्यालगतचे अनेक प्रश्न त्यांच्या मासळीवरूनही सुटतात.

दुसरं, जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या भोकांचा आकार. ट्रॉल जाळ्यातून (बोटीमागून ओढत नेतात त्या जाळ्यातून) किती लहान मासे निसटतात हे मोजायचं तर मागच्या पिशवीवर बारीक आसाचं आच्छादन लावावं लागतं. प्रयोग म्हणून ही पद्धत जगभर मान्य आहे, पण बोटीवर सापडलेलं बारीक आसाचं जाळं अधिकाऱ्याच्या नजरेत बेकायदा जाळंच असतं. त्या जाळ्याचं मोजमाप, फोटो आणि त्यामागचं कारण अर्जातच द्या आणि मंजुरीची प्रत बोटीवर ठेवा.

तिसरं, लहान मासा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेट, सुरमई, बोंबील अशी रोजच्या ताटातली नावं त्यात आहेत. वाढीचा अभ्यास करणाऱ्याला त्या मापाखालची पिल्लंच लागतात. किती नग, कोणत्या महिन्यात, कोणत्या बंदरावरून, हे आधी लिहून मंजूर करून घेतलं नसेल तर तुमची शीतपेटी हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

एक मुद्दा अर्जात बहुतेक सगळेच गाळतात. नमुना काढून उरलेल्या मासळीचं काय करणार? ती लिलावात विकली तर संशोधनाच्या नावाखाली धंदा केल्याचा आक्षेप येतो, आणि फेकली तर किनाऱ्यावरची माणसं नाराज होतात, तीही रास्तच. विकणार, सोसायटीला देणार की समुद्रात सोडणार, हे एका ओळीत लिहा.

अमेरिकेत शिकून आलेल्यांचा इथे आणखी एक गोंधळ होतो. तिकडे १९७६ च्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्याखाली संशोधन नौकेचं वैज्ञानिक काम हे मासेमारीत मोडत नाही, आणि व्यावसायिक बोटीने नियमाबाहेर जाऊन मासेमारी करायची तर 'एक्झेम्प्टेड फिशिंग परमिट' नावाचा वेगळा परवाना नोआ फिशरीजकडून, म्हणजे तिथल्या सरकारी मत्स्यखात्याकडून मिळतो. त्याचा अर्ज किमान ६० दिवस आधी द्यावा लागतो. ती चौकट डोक्यात ठेवून इथे 'सवलतीचा फॉर्म कुठला?' असं विचारत बसू नका. सविस्तर विनंतीपत्र घेऊन जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्यापासून सुरुवात करा.

कायद्यातली 'शिकार' फार व्यापक आहे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या 'शिकार' या व्याख्येत मारणं तर आहेच, पण पकडणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणं आणि प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग काढणंही आहे. म्हणजे कासवाला टॅग लावायला धरणं, समुद्री सापाला मोजायला पिशवीत घालणं, शार्कच्या पंखाचा नखाएवढा तुकडा डीएनएसाठी कापणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच. जीव सुखरूप सोडून दिला तरी फरक पडत नाही. यासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते, आणि प्राणी अनुसूची १ मधला (कायद्याच्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतला) असेल तर त्याआधी केंद्र सरकारची मंजुरी. अनुसूची १ च्या गुन्ह्याला किमान ३ वर्षांचा तुरुंगवास आहे. ऑलिव्ह रिडले कासवांना २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उपग्रह टॅग लावले गेले, तेव्हा त्या कामामागे वन विभागाचं कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था उभ्या होत्या. वेळासची 'प्रथमा' त्यातलीच. असं काम एकट्या विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात करायचं नसतं.

व्हेल शार्क, करवती मासे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि प्रवाळ यांना २००१ पासून या कायद्याचं संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या सहावरून चारवर आल्या आणि प्रजातींची यादी नव्याने मांडली गेली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. प्रयोगशाळेत भिंतीवर चिकटवलेला जुना तक्ता आजच काढून टाका. जुन्या अनुसूचीचा संदर्भ देणारा अर्ज चुकीच्या टेबलावर जातो आणि तिथून हलत नाही.

'मेलेलाच होता की!' हा युक्तिवादही टिकत नाही. जाळ्यात मेलेला समुद्री साप तांडेल आपुलकीने पिशवीत घालून देतो, किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनचा दात कुणी आठवण म्हणून आणून देतं. कलम ३९ प्रमाणे संरक्षित प्राणी मेलेला सापडला तरी तो शासनाची मालमत्ता असतो, आणि असं काही ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. व्हेलच्या उलटीच्या प्रकरणांत कोकणातली कितीतरी साधी माणसं अडकली आहेत, तेव्हा 'संशोधनासाठी ठेवली होती' असं कुणी म्हणेल तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? मृत जीवांचे नमुने हवे असतील तर तेही मूळ अर्जातच मागा: अमुक प्रजाती, मासेमारीत अनवधानाने मेलेले, अमुक बंदरांवरून.

पाणी कुणाचं आहे ते आधी बघा

मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर येतो. पर्यटक तिथे स्नॉर्केलिंग करतात म्हणून आपणही क्वाड्राट (मोजणीची चौकट) टाकून प्रवाळ मोजावेत, हे चालत नाही. अभयारण्यात संशोधनासाठी प्रवेश ही कलम २८ खालची परवानगी आहे, आणि तिथून काही उचलणं ही वेगळी. ठाणे खाडीत तर एकाच चिखलावर अनेकांचा हक्क आहे. २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), कडेला राखीव वन असलेली कांदळवनं, आणि समोर तुर्भ्याचं (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा विचारही करू नका.

राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत असलेल्या आंग्रिया बँकेवर (पाण्याखालच्या प्रवाळांच्या पठारावर) जायचं तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं पत्र पुरत नाही, तिथे केंद्राचा अधिकार चालतो. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या (१२ मैलांपलीकडच्या, देशाचा हक्क असलेल्या समुद्रातल्या) मासेमारीसाठी नवे नियम अधिसूचित केले. त्यात यांत्रिक नौकांना 'रियलक्राफ्ट' पोर्टलवरून अॅक्सेस पास घ्यावा लागतो. भाड्याची बोट खोल पाण्यात नेणार असाल तर तो पास आहे का, हे नाखव्याला (बोटमालकाला) आधी विचारा. बॉम्बे हायच्या तेल फलाटांभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं, त्याच्या आत नमुनास्थळ आखू नका.

परदेशी सहकारी आणि परदेशी गेलेला नमुना

हे खास करून परदेशात पीएचडी करणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३ प्रमाणे परदेशी व्यक्तीला संशोधनासाठी भारतातले जैविक नमुने घ्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. भारतीय पासपोर्ट असूनही तुम्ही प्राप्तिकर कायद्याप्रमाणे अनिवासी असाल तर हेच कलम तुम्हालाही लागू होतं. 'मी तर रत्नागिरीचाच' असं म्हणून सुटका नाही. गावच्या खाडीतला चिखल बाटलीत भरून सामानातून नेणं या कायद्याचं उल्लंघन ठरून मोठा दंड होऊ शकतो.

शार्क, समुद्रघोडे किंवा प्रवाळ यांचे तुकडे बाहेर पाठवायचे तर साइट्सची (संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रंही लागतात. २०२२ च्या अखेरीस रिक्विएम शार्कचं संपूर्ण कुळ साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्याचा निर्णय झाला. आपल्या बंदरांवर रोज उतरणाऱ्या अनेक मुश्या त्याच कुळातल्या आहेत. शक्य तितकं काम भारतातच उरका. नवी प्रजाती सापडली तर तिचा नमुना नेमून दिलेल्या भांडारात जमा करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि समुद्री जीवांसाठी ते भांडार गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेत आहे.

परदेशी पाहुणा येणार असेल तर त्याला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर आणू नको म्हणून स्पष्ट सांगा. तिकडे समुद्रावर ती सुरक्षेची साधी वस्तू आहे, इथे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती जवळ बाळगली तर विमानतळावरच अटक होऊ शकते.

अर्ज परत का येतो

'परिसरातील मासे व इतर जीव' असं लिहिल्यामुळे. प्रजातीचं शास्त्रीय नाव, नगांची संख्या, ती संख्या कशी काढली, अक्षांश-रेखांश, तारखा, पद्धत आणि सोबत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. शंभर नमुने मागितलेत आणि तीस पुरेसे असतील, तर वाचणारा अधिकारी ते ओळखतो. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय आणि राज्य जैवविविधता मंडळ दोन्ही नागपूरला आहेत, आणि अनुसूची १ ची फाइल तिथून पुढे दिल्लीला जाते. ऑक्टोबरमधल्या हंगामासाठी ऑगस्टमध्ये अर्ज केला तर तो हंगाम गेलाच म्हणून समजा. आदल्या वर्षीच अर्ज करा, आणि त्रुटीचं पत्र आलं तर नव्याने अर्ज न करता त्याच फाइल क्रमांकावर मुद्देनिहाय उत्तर द्या. नवा अर्ज म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी.

नमुने टिकवायला इथेनॉल लागतं आणि त्याचा परवाना उत्पादन शुल्क खात्याकडचा असतो, हेही बऱ्याच जणांना ऐन वेळी कळतं.

समुद्रात अडवलं तर

बोट थांबवा, वाद घालू नका, आणि बोलणं तांडेलवर ढकलू नका. परवानग्यांच्या प्रती जलरोधक पिशवीत, संस्थेचं ओळखपत्र आणि नौकेची कागदपत्रं एकत्र ठेवा. निघण्यापूर्वी सागरी पोलीस ठाण्याला आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला तारीख, वेळ आणि बोटीचं नाव लेखी कळवलेलं असेल तर निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. पंचनामा झालाच तर तुमची परवानगीपत्रं त्यात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागा.

परवानगी नसलेला संरक्षित जीव जाळ्यात आला तर मोजमापाचा मोह टाळून आधी त्याला सोडा. जाळं कापावं लागलं तर फोटो आणि व्हिडिओ काढा. २०१८ पासून राज्यात अशा वेळी मच्छीमाराला जाळ्याची भरपाई मिळते, कमाल २५ हजार रुपये, आणि त्यासाठी पुरावा लागतो. तो अर्ज भरायला बोटवाल्याला मदत करा, ते तुमचंच काम आहे.

मुदत संपत आली आणि नमुने अपुरे असतील तर संपण्याआधी मुदतवाढ मागा. संपल्यानंतरच्या तारखेचा एकही नमुना प्रबंधात आला तर परीक्षकाला तो दिसतो, आणि वन विभागालाही. काम झाल्यावर अटींप्रमाणे अहवाल द्या: किती पकडले, किती सोडले, किती मेले, कुठे ठेवले. पुढच्या वर्षी तुमच्याच विभागातली दुसरी विद्यार्थिनी अर्ज करते, तेव्हा आधीच्या परवानगीचा अहवाल आला की नाही, हे त्या फाइलमध्ये पहिल्यांदा पाहिलं जातं.